अर्धी गोळी

आईचा हात इतका कापत होता की औक्षणाच्या तबकातली सुपारी घरंगळली आणि सुधाकरच्या मांडीवर पडली. सुधाकर म्हणजे माझा होणारा नवरा. तो हसला, त्याच्या बाजूला बसलेले कराडचे पाहुणे हसले, कुणीतरी म्हणालं, घ्या, फोडायच्या आधीच सुपारी पदरात पडली. आईही हसली. पण तबक काही तिच्या हातात ठरेना. मी हिरवी साडी नेसून माजघराच्या दाराआड उभी होते आणि मनात म्हणत होते, आता पडतंय हे तबक, पडलंच.

पडलं नाही. सोनाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची थोरली बहीण, अशा वेळी मोठी कामाची बाई. तिनं पुढं होऊन आईच्या हाताखाली आपला हात धरला आणि औक्षण उरकून घेतलं. आई आत आली ती भिंत धरत. कपाळावर घाम होता, गळ्याची शीर उडत होती.

"किती घेतल्यास?" मी विचारलं.

"तीन. गप बस."

आता हे तीन काय, ते सांगते. आमची पलूसला पिठाची गिरण, शेजारी मिरची कांडपाचा डंक. अण्णा मोटारीचं आणि पट्ट्याचं बघायचे, गिऱ्हाईक आई बघायची. डबे उचलायचे, दळण ओतायचं, पीठ भरून द्यायचं, उन्हाळ्यात वर मिरची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं हेच केलं, आणि माझी शाळा सुरू होती तेव्हाच तिची छाती शिट्टी वाजवायला लागली. सांगलीच्या डॉक्टरांनी दमा सांगितला, गोळ्या लिहून दिल्या आणि गिरणीत बसू नका म्हणाले. गोळ्या तिनं घेतल्या. ती नाही बसली तर गिरणीत कोण बसणार, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

त्या गोळीनं छाती मोकळी व्हायची, पण हात थरथरायचे, काळीज धडधडायचं. एका गोळीला एवढं, तर तिनांना किती. आणि तीन घ्यायचं कारण मी. माझं वय चोवीस. त्या काळी आमच्याकडं चोवीस म्हणजे पोरगी राहिली असंच धरायचे. दोन स्थळं येऊन गेली होती. कुंडलचे लोक तर पसंती सांगून गेले, आणि आठवड्यात निरोप आला, मुलीच्या आईला दमा आहे म्हणे. दमा रक्तातून येतो, आईचा लेकीला, लेकीचा नातवाला, हे लोकांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. माझी छाती ठणठणीत होती, तालुक्याला कबड्डी खेळले होते मी, पण ते ऐकतो कोण. म्हणून कराडचं स्थळ आलं तेव्हा सोनाआत्यानं बजावून ठेवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. सुपारी फुटेपर्यंत मालननं पाहुण्यांसमोर एकदाही खोकायचं नाही. मालन म्हणजे माझी आई. तिनं मान हलवली. त्या सकाळी तिनं छातीसाठी तीन गोळ्या घेतल्या आणि खोकला दाबायला ते गुंगी आणणारं तांबडं औषध, चमच्यानं नाही, बाटलीच तोंडाला लावून.

कराडच्या मंडळींत एक डॉक्टर होते. सुधाकरचे धाकटे चुलते, कराडात स्वतःचा दवाखाना. ते आहेत हे आम्हाला ठाऊक होतं, सुपारीला येतील असं मात्र वाटलं नव्हतं. उंच, शांत माणूस. तबक हलताना त्यांनी बघितलं होतं. थोड्या वेळानं ते आपणहून अण्णांना बरोबर घेऊन माजघराच्या उंबऱ्यापाशी आले आणि बाहेरूनच म्हणाले, विहीणबाईंना घाबरल्यासारखं होतंय का, मी बघू का जरा.

नाही कसं म्हणणार? आत्यानं पाट सरकवला. आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. डॉक्टरांनी नाडी धरली, चांगला वेळ धरली, आणि म्हणाले, मुलीची आई आहे, काळीज धडधडणारच, आमच्या वहिनी तर लेकीच्या सुपारीला चक्कर येऊन पडल्या होत्या. मग त्यांनी जीपमधून बॅग मागवली. कानाला लावायची नळी बाहेर काढली आणि ती हातात धरून थांबले.

थांबले, कारण ते डॉक्टर तसे व्याहीही होते. आमच्याकडं विहीण व्याह्यासमोर मान वर करून बोलत नाही, आणि हे तिच्या छातीला नळी लावणार? सोनाआत्या बोललीच, आजच्या दिवशी कशाला ते, नाडी बघितली की. त्यांनाही अवघड झालं असणार. नळी परत बॅगेत गेली.

"अर्धी गोळी देतो," ते म्हणाले. "मन शांत होईल, हात थांबतील. पण आधी काही विचारतो, त्याचं खरं सांगा. दमा, धाप, श्वासाचा कसला त्रास आहे?"

"न्हाई," आई म्हणाली.

"नीट आठवून सांगा. ही गोळी श्वास मंद करते. ज्याची छाती आधीच अडते त्याला मी ही देत नाही, पाया पडला तरी देत नाही. दुसरं काही औषध चालू आहे? खोकल्याचं, सर्दीचं, झोपेचं?"

"न्हाई."

रात्री फार घोरता का, लिव्हरची काही तक्रार आहे का, असं त्यांनी आणखीही विचारलं, आणि आई एकेकाला न्हाई म्हणत गेली. गोळी घेतल्यावर चुलीपाशी बसायचं नाही, गिरणीच्या पट्ट्याकडं तर फिरकायचंच नाही, हेही त्यांनी बजावलं. मी पुढं आयुष्यात पुष्कळ डॉक्टर बघितले. इतकं धड विचारणारे फार थोडे भेटले. त्यांच्या बाजूनं एवढं बोलायलाच हवं.

माझं मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला, हे घरात सगळे म्हणायचेच. मी दाराआडून पुढं आले.

"तिला दमा आहे, डॉक्टरसाहेब."

सुपारीच्या दिवशी नवरीनं असं मध्ये बोलायचं म्हणजे काय, तुम्हीच विचार करा. आत्यानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढं कितीतरी दिवस तो काळानिळा होता. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं.

"पोर घाबरलीय," आई म्हणाली. कधी नव्हे ती मान वर करून बोलत होती. "मागं न्यूमोनिया झालता मला. तवापासनं मी नुसती खाकरले तरी हिला दमा दिसतोय. गिरणीत बसून कोण खोकत न्हाई, डॉक्टरसाहेब?"

इतकं सरळ बोलली की घडीभर मलाच खरं वाटलं. तीन गोळ्यांनी छातीतली शिट्टी पार दाबून टाकली होती, समोर बसलेल्याला काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. डॉक्टर अण्णांकडं वळले.

"पाहुणे, तुम्ही सांगा. आहे का दमा?"

अण्णांचं नाव गावात चांगलं होतं. कुणाच्या दळणातलं मूठभर पीठ त्यांनी कधी मारलं नाही. त्यांनी आईकडं बघितलं. आई जमिनीकडं बघत होती.

"तसलं काय न्हाई," अण्णा म्हणाले.

घरच्या पुरुषानं सांगितलं, विषय मिटला. डॉक्टरांनी गोळी नखानं मोडली, अर्धी आईच्या तळहातावर ठेवली, अर्धी कागदात गुंडाळून आपल्याच बॅगेत टाकली. जास्त घेतली जायला नको म्हणून. मग पुरुष माणसं बाहेर गेली.

मी आईचं मनगट धरलं. म्हटलं, ऐकलंस ना ते काय म्हणाले, श्वास मंद करते म्हणाले, टाकून दे ती.

"ऐकलं. अर्ध्या गोळीनं कोण मरत न्हाई. पण हात असाच कापत ऱ्हायला तर तो माणूस दुसऱ्यांदा नळी काढंल, आणि मग आत्या बी त्याला थांबवणार न्हाई." तिनं गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली. "आता पुन्हा बोललीस तर तुला माझी शपथ हाय, छाया."

शपथेबिपथेला मी भीत नव्हते. पण तिचं तोंड असं झालं होतं की मला बोलवेना. तिनं जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, सणाला साडी घे म्हटलं तरी नको म्हणणारी बाई. मी गप्प झाले.

मागच्या खोलीत तिला अंथरूण घातलं. आडवी झाली आणि खोकला उसळला. मध्ये एक पातळ भिंत, पलीकडं पाहुणे. तिनं उशाखालनं तांबडी बाटली काढली आणि तोंडाला लावली. मी ओढून घेईपर्यंत तीन-चार घोट गेले होते. बाटली मी कमरेला खोचली आणि तिच्यावर चिडले, अक्षरशः वसकन अंगावर गेले. खोकला थांबला होता आणि तिला तेवढंच हवं होतं.

तेवढ्यात बाहेर बत्ता वाजला. सुपारी फुटली होती. बायकांचा गलका झाला, पेढे वाटायला लागले. मी खाली वाकून तिला सांगितलं.

"फुटली?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"फुटली. आता सांगू का त्यांना?"

"लगीन हू दे," ती म्हणाली.

हे तिचं शेवटचं बोलणं. पुढं कितीदा तरी मी ते मनात घोळवलं. लग्न झाल्यावर म्हणाली असती, पहिलं पोर हू दे.

मग मला पंगतीत वाढायला बोलावलं. नवरीनं एक तरी फेरी वाढायची, त्यांची रीत होती. मी कटाची आमटी वाढली, सुधाकरच्या पानात पुरणपोळी वाढली, त्याच्या मित्रांची थट्टा ऐकून घेतली. सारखं लक्ष मागच्या खोलीकडं. एक फेरी झाली की आत जाऊन यायची. आणि दर वेळी आई झोपलेली, शांत. ती आडवी पडून झोपलीय हेच आमच्या घरात नवीन होतं. एरवी भिंतीला पोती लावून, बसल्या बसल्या झोपायची. शिट्टी नाही, खोकला नाही, मध्येच दचकून उठणं नाही. सोनाआत्या आली, तिच्याकडं बघून तिचे डोळे भरले. म्हणाली, बघ, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे गं, किती वर्षांनी अशी निवांत पडलीय. अण्णाही येऊन दारात उभे राहिले. पोराटोरांना दम दिला, तिकडं खेळा म्हणून, आणि दळणाला आलेल्या बाईला उद्या ये सांगून परत पाठवलं. सगळं घर चवड्यांवर चालत होतं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. आता माझं लग्न होणार, आईला झोप लागली, असं एकदम सगळं चांगलं वाटायला लागलं, आणि मी दार हळूच लोटून घेतलं.

बायकांची पंगत बसायच्या आधी मी तिला उठवायला गेले. हाक मारली. गालावर थापटलं. मग माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. नखं जांभळी होती. मी तिच्या तोंडाशी कान नेला. एक श्वास आला. मग दुसरा येईचना. मी वाट बघत राहिले, आणि तो आला तेव्हा इतका लहान होता की मला धडकीच भरली.

मी पळाले ती सरळ ओसरीवर, पुरुषांत. पान-सुपारी चालली होती. पदर कुठं होता कुणास ठाऊक. "डॉक्टरसाहेब, आईला दमा आहे. आत या."

ते अनवाणीच धावत आले. या खेपेला त्यांनी नळी काढली आणि कुणाला न विचारता लावली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. काय घेतलंय, असं त्यांनी विचारलं, मी कमरेची बाटली काढून हातात दिली आणि फडताळातल्या दम्याच्या गोळ्या आणून दिल्या. ते रागावले नाहीत. बाटली खिशात घातली, आईचं डोकं मागं केलं, नाक दाबलं आणि तिच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरायला लागले. व्याह्यानं विहिणीच्या. सोनाआत्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तसं करत करतच तिला उचलून जीपमध्ये घातलं. मागं डॉक्टर, अण्णा, मी आणि आई, तिचं डोकं अण्णांच्या मांडीवर.

सांगलीच्या रस्त्याला लागल्यावर डॉक्टरांनी दम घ्यायला मान वर केली आणि अण्णांना विचारलं, "किती वर्षांचा दमा आहे?"

"तसलं काय न्हाई, डॉक्टर," अण्णा म्हणाले.

मांडीवर बायको, जांभळी पडलेली, आणि हा माणूस तेच धरून बसलेला. मला अण्णांचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. मी किंचाळले, पुष्कळ वर्षं आहे, मी शाळेत होते तेव्हापासून आहे, आता तरी बोला. आईच्या कपाळावरचं कुंकू आणि घाम एक झालं होतं, अण्णा ते तिच्याच पदरानं टिपत राहिले. डॉक्टर पुन्हा खाली वाकले.

सांगलीच्या दवाखान्यात आम्हाला आत घेतलंसुद्धा नाही. दारातच हात लावून बघितलं आणि सांगितलं, नाहीत या.

तेराव्याला कराडहून डॉक्टर एकटेच आले. जेवले नाहीत. मी गिरणीच्या बंद दाराशी पायरीवर बसले होते, तिथं येऊन उभे राहिले. मला वाटलं सोयरीक मोडल्याचं सांगायला आले असतील, आणि खरं सांगते, मला ते हवंच होतं. पण ते म्हणाले, "घरी मी हार्टचं सांगितलंय. औषधाचं कुणाला ठाऊक नाही, आणि ओसरीवर तू दमा म्हणालीस ते घाबरून, असं मी पटवून दिलंय. तुम्हीही हार्टच सांगा. वर्षाच्या आत लग्न उरकू, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल."

मी म्हटलं, तुम्ही असं का करताय?

"त्या ज्याच्यासाठी खोटं बोलल्या ते तरी व्हावं म्हणून. आणि त्यात माझीही सुटका आहे, नाही म्हणत नाही. नुसत्या अर्ध्या गोळीनं त्या गेल्या नसत्या. पण अर्धी गोळी माझी होती."

मग मी विचारलंच. तेरा दिवस तोंडाशी येऊन परत जात होतं ते.

"आईनं खरं सांगितलं असतं तर?"

"तर गोळी दिली नसती. आज त्या असत्या."

"आणि सुपारी?"

ते माझ्या खालच्या पायरीवर बसले.

"दुसरं काही सांगून तुझं समाधान करता आलं असतं," ते म्हणाले. "पण तू त्या दिवशी एकटीच खरं बोललीस, तुझ्याशी खोटं नको. मीच दादाला, सुधाकरच्या वडिलांना, बाहेर बोलावून सांगितलं असतं, उठूया, दुसरं स्थळ बघू."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, छे, दम्याचं काय एवढं, आम्ही तुला करून घेतलीच असती. मग मला आईवर रागावता आलं असतं. वेडी होती, उगाच जीव घालवला, असं म्हणून ढसाढसा रडता आलं असतं. तेवढीही सोय राहिली नाही. आईनं माणसं बरोबर ओळखली होती.

लग्न वर्षाच्या आत झालं. संसार वाईट झाला नाही. फार चांगला झाला असंही मला म्हणवत नाही. सासरी डॉक्टरकाकांनी मला कधी काही कमी पडू दिलं नाही, आणि मी त्यांच्या हातची गोळी कधी घेतली नाही, तापातसुद्धा. अण्णा आईच्या जागेवर गिरणीत बसायला लागले. शेवटी शेवटी त्यांनाही धाप लागायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, वय झालं.

मागच्या वर्षी माझ्या लेकीचं जमत होतं. मुलाची आई शिकलेली, बोलायला गोड. चहा पिता पिता तिनं सहज विचारलं, मुलीची आजी तशी तरुणच गेली म्हणे, कशानं गेली हो?

लेक माझ्याकडं बघत होती. तिला सगळं ठाऊक आहे, मीच सांगितलंय.

"हार्टनं," मी म्हटलं, आणि लाडवांची बशी पुढं केली.